कल्पित नगरांची खानेसुमारी आणि भिवंडी

एखादे नगर केवळ कल्पनेने वसवायचे झाले, तर त्यात कोणत्या जमातीचे किती रहिवासी घालावेत, याचे तयार कोष्टक अमेरिकेत छापले गेले आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाचा तेथे एक खेळ आहे. चारसहा जणांनी मेजाभोवती बसायचे, प्रत्येकाने एका कल्पित पात्राची भूमिका घ्यायची आणि एकाने सूत्रधार होऊन सर्वांना एका अद्भुत जगातून हिंडवून आणायचे, असे त्याचे स्वरूप. या सूत्रधारासाठी २००० साली निघालेल्या मार्गदर्शक पुस्तकात नगरांचे तीन प्रकार दिले होते. अलिप्त नगरात शंभरांपैकी ९६ माणसे. मिश्र नगरात ७९ माणसे. एकात्म नगरात मात्र माणसे ३७. हाफलिंग नावाचे ठेंगणे लोक २०, एल्फ नावाचे दीर्घायुषी, देखणे लोक १८, ड्वार्फ नावाचे खाणीत राबणारे दाढीवाले कारागीर १० आणि उरलेल्या १५ मध्ये इतर तीन जमाती. बेरीज चोख शंभर भरते. ही मंडळी त्या नगरात का आली, कोणाच्या जमिनीवर राहिली, कोणाच्या पदरी राबली, याविषयी मात्र कोष्टकात चकार शब्द नाही.

सुखवस्तू घरांतील मुलांच्या या करमणुकीची दखल पक्षाच्या साप्ताहिकाने कशासाठी घ्यावी, असा प्रश्न एखादा कार्यकर्ता विचारील, आणि तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या दराचा प्रश्न बाजूला ठेवून बुटक्यांची आणि राक्षसांची टक्केवारी काय मोजायची? परंतु हा खेळ आता मेजापुरता राहिलेला नाही. संगणकावरचे आणि मोबाइल फोनवरचे असंख्य खेळ याच साच्यातून निघाले आहेत. त्यांतील जमाती, त्यांचे ठरावीक स्वभाव आणि जन्माने मिळालेली त्यांची बलस्थाने हे सारे भिवंडीतल्या मुलांच्याही हातात पोहोचले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोष्टकामागची विचारसरणी या खेळाने जन्माला घातलेली नाही. ती फार जुनी आहे, आणि भिवंडीसारख्या गावाने तिची किंमत रक्ताने मोजलेली आहे.

आधी खेळाचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. खेळाडूने आपल्या पात्राचा ‘वंश’ निवडायचा आणि त्या वंशाबरोबर काही गुण आपोआप पदरात पाडून घ्यायचे, हा त्याचा पाया होता. ड्वार्फ जात्याच चिवट, एल्फ जात्याच चपळ. आणि ऑर्क नावाची एक जमात जात्याच दुष्ट. १९७७ साली निघालेल्या राक्षसांच्या कोशात तिच्या नावापुढे दुष्टपणाची नोंद छापलेलीच होती. ऑर्कचे मूल सज्जन निघेल काय, हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

ही ऑर्क जमात टोल्किन या इंग्रज भाषापंडिताच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतून लोकप्रिय झाली. १९५८ सालच्या एका पत्रात टोल्किनने ऑर्कांचे रूप समजावून सांगताना चपटे नाक, पिवळट कांती आणि तिरके डोळे असे वर्णन केले आणि मंगोल चेहरेपट्टीचा स्पष्ट उल्लेख केला. हाच टोल्किन १९३८ साली जर्मन प्रकाशकाने आर्यत्वाचा दाखला मागताच संतापला होता आणि ज्यूंचा गौरव करणारे उत्तर त्याने लिहून काढले होते. म्हणजे वंशद्वेषाचा पुरस्कर्ता म्हणून त्याला निकालात काढणे अन्यायाचे होईल. पण म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. शत्रूची जमात रंगवायची झाली की परक्याचा चेहरा हाताशी येतो. त्यासाठी मनात द्वेष असावाच लागतो असे नाही, नुसती सवय पुरते.

ही सवय युरोपातच होती असे मानण्याचे कारण नाही. दैत्य, दानव, राक्षस यांची यादी पुराणांनी फार पूर्वीच तयार केली होती. तिला जाब विचारणारा पुरुष मात्र महाराष्ट्रात जन्मला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि पुराणांतील राक्षस म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी व रक्षणकर्ते, असा उलटा अर्थ लावून दाखविला. दैत्यांचा राजा म्हणून पाताळात ढकललेला बळी त्यांनी शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभा केला. फुल्यांच्या इतिहासाचा प्रत्येक तपशील आजच्या संशोधनाच्या कसोटीवर उतरतो की नाही, हा येथे मुद्दा नाही. राक्षस कोणाला म्हटले, हे विचारण्याआधी कोणी म्हटले हे विचारावे, ही जी शिस्त त्यांनी घालून दिली ती महत्त्वाची. कोणत्याही कथेतील जमातींची यादी ही कोणाच्या तरी हातची खानेसुमारी असते, आणि ती लिहिणारा हात कोणाचा ते त्या यादीत लिहिलेले नसते.

इंग्रज सरकारने तर ही यादी कायद्यात उतरविली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार, हे सूत्र सोलापूरच्या काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये पिढ्यान् पिढ्या राबविले गेले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि पारध्याच्या पोराकडे पाहणारी पोलिसांची नजर त्यानंतरही बदलली नाही. दुसऱ्या टोकाला ‘लढाऊ जाती’ ठरविल्या गेल्या. ज्या महारांची नावे कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेली आहेत, त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लष्कराची दारे बंद झाली, कारण नव्या कोष्टकात त्यांच्यापुढे शौर्याची नोंद नव्हती. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, सरकारला माणसांची गरज पडली तेव्हा. चाळीसपन्नास वर्षे एका समाजाचे शौर्य कागदावर नाहीसे झाले आणि कागदावरच परत आले. माणसे मधल्या काळात तीच होती.

१९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले हा नाकाच्या मापावरून जातीचा वंश आणि दर्जा ठरवू पाहणारा गृहस्थ होता. त्याच्या सिद्धांतावर पहिला मोठा अभ्यासपूर्ण आघात मुंबई विद्यापीठाच्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या जात व वंश या विषयावरील ग्रंथात केला. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर लिहिताना डॉ. आंबेडकरांनी मापांचाच आधार घेऊन दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे ठरत नाहीत. थोडक्यात, वंशावरून स्वभाव सांगणारे कोष्टक या महाराष्ट्राला परके नाही, आणि त्याचे खंडनही परके नाही. अमेरिकेतल्या खेळाडूंना जो वाद अलीकडे सुचला तो येथे दीडशे वर्षे चालू आहे.

तो वाद तेथे पेटला तो २०२० साली. कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाने अमेरिका ढवळून निघाली असता, खेळाची मालक असलेल्या कंपनीने जन्मजात दुष्ट जमाती रंगविण्यात चूक झाल्याचे मान्य केले. २०२४ च्या नव्या आवृत्तीत ‘वंश’ हा शब्द गेला आणि त्याजागी ‘प्रजाती’ आला. बळ, चापल्य, बुद्धी यांतील वाढही आता जन्मावर न ठरता पात्राच्या पूर्वायुष्यावर, म्हणजे ते कारागीर होते, खलाशी होते की आणखी काही, यावर ठरू लागली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. माणूस घडतो तो कामातून, एवढे तरी बाजाराने कबूल केले. मात्र याच आवृत्तीच्या मुख्य यादीतून अर्धे एल्फ आणि अर्धे ऑर्क ही मिश्र संतती गळून गेली. शिवाय पूर्वायुष्य निवडायचे ते ज्याच्या त्याच्या मर्जीने. एखादी अख्खी जमात एखाद्या कामात का ढकलली जाते, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कोष्टक मिटून भिवंडीत यावे. कामवारी नदीच्या काठी, खाडीच्या तोंडाशी वसलेले हे जुने बंदर. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती येथील व्यापारी संपत्तीचे आणि बंदराचे मोल जाणून. जुन्या कागदपत्रांत या गावाचे नाव इस्लामाबाद असेही येते. समुद्रावरच्या व्यापारातून रुजलेले कोकणी मुसलमान, भात आणि मीठ पिकविणारे आगरी, खाडीवर जगणारे कोळी, कुणबी, भोवतालच्या रानातले वारली आणि कातकरी, पेढ्यांवरचे गुजराती आणि मारवाडी व्यापारी, ही जुनी वस्ती. नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले. मँचेस्टरच्या कापडाने हातमाग मोडला होता. १८५७ नंतर अवध आणि पूर्वांचलात झालेल्या दडपशाहीने उरलासुरला आधार मोडला. तेव्हा माग आणि कुटुंब घेऊन विणकर दक्षिणेकडे निघाले. काही मालेगावी थांबले, काही भिवंडीत. तेलंगणातून पद्मशाली आले; पद्मानगर आणि कामतघर या वस्त्यांत आजही तेलुगू सहज कानावर पडते. १९३० च्या दशकात हातमागाजागी यंत्रमाग येऊ लागला आणि गावाने कूस बदलली.

१९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या काळात गिरण्यांचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. संप मोडला, गिरण्या मिटल्या, आणि कायद्याचे संरक्षण असलेले काम कायद्याबाहेरच्या मागांवर गेले. या मागांवर उभे राहायला उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून तरुण आले. १९७१ साली भिवंडीची लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती सात लाखांच्या पुढे गेली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सातशे. या एका आकड्यात अर्धा इतिहास आहे. नवरा बिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत जेवतो, पाळीपाळीने एकाच खोलीत निजतो, आणि बायकामुले हजार मैलांवरच्या खेड्यात मनिऑर्डरची वाट पाहत असत. आता बँकेच्या संदेशाची पाहतात. अद्भुत नगरांच्या कोष्टकात स्त्रीपुरुषांचा रकाना नसतो, कारण त्या नगरात कोणालाही पोटासाठी घर सोडावे लागलेले नसते.

विणकाम मोमिनांच्या रक्तातच असते, असे भिवंडीत कौतुकानेही म्हटले जाते. कौतुकाचा असला तरी तो कोष्टकाचाच तर्क आहे. विणकाम रक्तात असते तर १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसविला नसता आणि त्या गावात भलत्याच जातींच्या हातांनी माग चालविले नसते. धोटा कोणाच्या हाती जाईल हे मजुरीचा दर, विजेची सोय, सुताचा भाव आणि गावाकडचा दुष्काळ ठरवितात. ज्यांच्या पूर्वजांनी कधी सूत हाताळले नव्हते अशा नाना जातींच्या मुलांनी भिवंडीच्या मागांवर ताणा-बाणा सांभाळला आहे. उलट, या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी असलेले वारली आणि कातकरी या समृद्धीच्या यादीत ‘इतर’ या रकान्यातही अंग चोरून उभे राहिले. भिवंडी आणि वसई तालुक्यांतील कित्येक आदिवासी कर्जापोटी वेठबिगारीत अडकलेले होते. १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेने त्यांना संघटित करून सोडविले तेव्हा कोठे मुंबईपासून हाकेच्या अंतरावर गुलामी नांदत असल्याचे शहरी मध्यमवर्गाच्या कानी आले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. खेळांच्या जगातील सनातनी म्हणतात की, मध्ययुगीन नगरात सगळे एकाच रंगाचे आणि एकाच वंशाचे असत. नाना वर्णांचे लोक घालणे म्हणजे आजचे राजकारण कालच्या कथेत घुसविणे. ज्यांना आगीच्या ज्वाळा सोडणारा अजगर खटकत नाही त्यांना काळ्या कातडीचा लोहार खटकावा, ही गंमत सोडून दिली तरी हा आक्षेप इतिहास म्हणूनही टिकत नाही. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी कोकणच्या किनाऱ्यावर चौलला आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदविले. त्यांत ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि या भूमीवरच जन्मलेली त्यांची संततीही होती. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटावरून दिसते की, राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता आणि त्याच्या अनुमतीने तेथील मठाला दान मिळाले होते. महंमद या नावाचे मधुमती झाले, आणि ते संस्कृत ताम्रपटात कोरले गेले. भिवंडीच्या उंबऱ्यावर हजार वर्षांपूर्वी हे घडत होते.

दुसरीकडे बाजाराचे पुरोगामीपण आहे. ते म्हणते, सर्व रंगांचे लोक घाला म्हणजे झाले. चित्र रंगीत होते, विक्री वाढते. पण एल्फ, ऑर्क आणि माणूस एकाच चौकात हसतखेळत भाजी घेताना दाखविले म्हणजे समता येत नाही. त्या चौकातील दुकान कोणाचे, हमाल कोण आणि रात्री चौक झाडतो कोण, हे विचारल्याशिवाय ती विविधता दिवाणखान्यातील गालिच्यासारखी राहते. कोणी विणला हे न विचारता त्यावर बसायचे. सनातनी आणि बाजार या दोघांची चूक मुळात एकच आहे. दोघेही जमातीला आधी धरतात आणि श्रमाला विसरतात.

ही चूक कागदावर राहिली तर एक वेळ चालेल. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल उसळली, दुसऱ्या दिवशी जळगाव पेटले. एकट्या भिवंडी शहरात सत्तरांहून अधिक माणसे मारली गेली. न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या चौकशी आयोगाने १९७५ साली दिलेला अहवाल आजही प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. पोलीस तपासातील पक्षपातावर त्याने नेमके बोट ठेवले. तरीही १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी, ठाणे, कल्याण, मुंबई पुन्हा जळाली आणि अडीचशेहून अधिक बळी गेले. दोन्ही वेळा अफवांचे गणित एकच होते: ते इतके टक्के आहेत, ते वाढत आहेत, त्यांचा स्वभावच तसा आहे. संख्या आणि जन्मजात स्वभाव, एवढे दोनच रकाने. कारणाचा तिसरा रकाना भरला असता तर हा विणकर उद्ध्वस्त होऊन येथे आला, तो शेतकरी कर्जाने येथे आला आणि दोघांचा दर एकच सेठ ठरवितो, हे दिसले असते. दंगलीला तिसरा रकाना नको असतो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९८८ च्या सुमारास भिवंडीचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. वस्तीवस्तीतील हिंदू आणि मुसलमान रहिवाशांना समान संख्येने एकत्र बसविले, नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी सामान्य माणसांना घेतले, आणि किरकोळ भांडणे तेथेच मिटविण्याची रीत पाडली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्यांतही धर्माची मोजणी होतीच. समाजवादी चळवळीलाही आकडा परका नाही. मागासांना १०० मधील ६० जागा हव्यात ही लोहियांची मागणी म्हणजे टक्केवारीच होती. मग कोष्टकाला दोष का द्यायचा? फरक असा की, लोहियांच्या आकड्यामागे कारण होते: हजारो वर्षे ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना आत घेण्यासाठी तो होता. मोहल्ला समितीतील आकडा शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर बसविण्यासाठी होता; एकदा बसल्यावर बोलणे गल्लीतल्या तंट्याचे आणि पोरांच्या मारामारीचे असे. आकडा हा शत्रू नव्हे. कारणापासून तोडलेला आकडा हा शत्रू होय.

त्या समित्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. दंगल टळली, पण मागावरील मजुरी कापडाच्या मापावर राहिली, बारा तासांची पाळी राहिली, हजेरीपुस्तकात नाव नसणे राहिले. मे २०२० च्या आरंभी, टाळेबंदीत माग थांबले असता, भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिकांची खास रेल्वेगाडी सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते मुंबई-नाशिक मार्गाने चालत निघाले. अनेक दशके हे शहर ज्यांच्या श्रमावर कापड विणत होते, त्यांची शहराच्या दप्तरात नोंदच नव्हती, हे त्या आठवड्यांत उघड झाले. आता मागांच्या शेजारी गोदामे उभी राहिली आहेत. माणकोली, राहनाळ, पूर्णा या गावांत आगऱ्यांच्या शेतांवर पत्र्यांची अवाढव्य छपरे चढली, आणि त्यांखाली आणखी नव्या मुलुखांतून आलेली पोरे देशाची खरेदी पेटाऱ्यांत भरीत आहेत. शहराचे कोष्टक पुन्हा बदलत आहे, आणि पुन्हा कामानेच.

हा विषय आज तातडीचा आहे तो यामुळेच. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. जातींच्या गणनेसह होणाऱ्या नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक २०२५ साली जाहीर झाला. तिचे आकडे बाहेर येतील तेव्हा भिवंडीबद्दल दोन रकान्यांचे गणित मांडणारे लोक तयारच असतील. त्यांना उत्तर द्यायचे तर कार्यकर्त्यांनी आतापासून दोन कामे हाती घेतली पाहिजेत. पहिले, मोजणीचे. बिसीत जेवणारे, पाळीने निजणारे, गोदामाच्या आवारात राहणारे आणि पाड्यावरचे वारली-कातकरी यांपैकी कोणीही मोजणीतून सुटू नये. जो मोजला जात नाही त्याला रेशनही मिळत नाही आणि मतही. दुसरे काम तिसऱ्या रकान्याचे. प्रत्येक वस्तीचा इतिहास त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यावा: कोणत्या साली आलात, कशामुळे आलात, पहिली मजुरी काय मिळाली, पहिली खोली कोणी दिली.

आणि मुलांना खेळ हवाच असेल तर तोही द्यावा. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत १९४१ पासून मुले खेळतच आली आहेत. त्यांना कागद आणि पेन्सिल देऊन एक नगर वसवायला सांगावे. हवे तर त्यात यक्ष घालू द्यावेत, गंधर्व घालू द्यावेत, बळीचे दैत्यही घालू द्यावेत. फक्त नियम एवढाच ठेवावा की, ज्या कोणाला नगरात आणायचे त्याच्या नावापुढे तो कशासाठी आला आणि काय काम करतो हे आधी लिहायचे. रंग, रूप आणि टक्केवारी त्यानंतर. मुले खेळता खेळता जे नगर उभे करतील ते बहुधा पुष्कळसे भिवंडीसारखे दिसेल. त्या नगरातील ऑर्काला दुष्ट ठरविण्याआधी एखादे पोर विचारील, याला मजुरी किती मिळते? त्या पोराला अफवेने फितविणे सोपे जाणार नाही.